ओट्यासमोरची खिडकी

छोटीनं आयुष्यात अजून एकही गोष्ट बांधलेली नव्हती, ही बातमी तिनं घरापासून तीन वर्षं लपवून ठेवली होती.

आर्किटेक्ट ती होती, त्यात खोटं काही नव्हतं. परदेशातल्या मोठ्या कंपनीत नोकरी होती, गळ्यात ओळखपत्र होतं, टेबलावर दोन-दोन स्क्रीन होते. बाबा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या परक्या गृहस्थालाही सांगत, "आमची छोटी तिकडे इमारती बांधते." प्रत्यक्षात छोटी दारं मोजत होती. कंपनीकडे एका भल्याथोरल्या इस्पितळाचं काम होतं आणि त्या इस्पितळाला दोन हजार एकशे सहा दारं होती. प्रत्येक दाराचा नंबर, रुंदी, उंची, ते कुठल्या बाजूला उघडतं, त्याला काच आहे का, कडी कुठली, हे सगळं एका तक्त्यात भरायचं. ही कामगिरी तिच्याकडे. मध्येच कुणा डॉक्टरला वाटे, की एक्स-रे विभाग डावीकडे असलेला बरा, की चारशे दारांचे नंबर बदलत. अडीच वर्षं हे चाललं होतं. इस्पितळाच्या जागेवर अजून गवत होतं. वर्षातून एकदा कंपनी सगळ्यांना तिथे नेऊन ते गवत दाखवून आणत असे.

अशात एका रविवारी आईचा फोन आला. रविवारचा फोन ठरलेला असे आणि त्यातले प्रश्नही ठरलेले असत. जेवलीस का, थंडी आहे का, स्वेटर घालतेस का. पंधरा मिनिटांत प्रश्न संपत आणि मग दोन्हीकडून "बरं, ठेवू मग" असं चार-पाच वेळा म्हणून झालं की फोन खरोखरच ठेवला जाई. त्या दिवशी चौथ्या "ठेवू मग"नंतर आई म्हणाली, "छोटे, एक विचारायचं होतं. तुला वेळ असेल तरच हं. ओट्यासमोरची भिंत आहे ना आपली."

"तिचं काय?"

"काही नाही. एकतीस वर्षं तिच्याकडे बघत स्वयंपाक करतेय. तिथे एखादी खिडकी बसेल का? बाहेरचं जरा दिसेल. फाटकाशी कोण आलं ते कळेल."

छोटी त्या दिवशी जेवायची विसरली. संध्याकाळपर्यंत तिनं त्या खिडकीचे अकरा कागद काढले. आतून दिसणारी खिडकी, बाहेरून दिसणारी खिडकी, वरून, कापून, खिडकीचा कोपरा मोठा करून, कोपऱ्यातला स्क्रू आणखी मोठा करून. सातव्या कागदावर तर आई स्वतः ओट्याशी उभी होती आणि तिच्या डोळ्यांपासून निघालेली तुटक रेघ खिडकीतून बाहेर पडून थेट फाटकाच्या कडीला टेकत होती. अडीच वर्षांत दाराच्या पलीकडे काय आहे, याचा विचार करायची पाळी तिच्यावर आली नव्हती. इथे पलीकडे काय आहे, ते डोळे मिटूनही सांगता येत होतं. फाटक, मग रस्ता, रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान, त्याच्या कडेला वाकडा विजेचा खांब.

तिच्यासोबत एका दाताच्या डॉक्टरणीनं भाड्याचं घर वाटून घेतलं होतं. ती आपल्या धंद्याच्या दृष्टीनं ते कागद बघून म्हणाली, "भिंत काय आणि जबडा काय, भोक पाडण्याआधी आत काय आहे ते बघून घ्यावं. एक्स-रे काढलास का?" छोटीला हे हास्यास्पद वाटलं. परक्या खात्यातल्या माणसानं आपल्या कामात नाक खुपसलं, की शिकलेल्या माणसाला असंच वाटतं.

पहिली अडचण कागदाची आली. बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन अकरा कागद छापून आणले. दुकानदाराकडे लहानच कागद होते, त्यामुळे खिडकी पोस्टाच्या तिकिटाएवढी आली आणि आई ठिपक्याएवढी. मापं मिलिमीटरमध्ये. बाबा फोनवर म्हणाले, "छोटे, रुंदी बाराशे लिहिलंयस. आपली सगळी इमारतसुद्धा बाराशे नाही." तिनं फूट सांगितले. रुंदी चार, उंची तीन. बाबांनी ते वहीत लिहून घेतलं, चष्मा लावून पुन्हा वाचून दाखवलं आणि मिस्त्रीला सांगताना नेमकं उलटं सांगितलं. ते तिला तीन आठवड्यांनी कळलं, पण तोवर बाकीचं इतकं झालं होतं, की ही चूक त्यात सुखरूप हरवून गेली आणि सापडली तेव्हा सवडीनं दुरुस्तही झाली.

दुसरी अडचण सोसायटीची. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला वाटतं जमीन आपली. पण बाहेरच्या भिंतीवर खिळा ठोकायचा तर सेक्रेटरीची परवानगी लागते. बाबांनी अर्ज केला. 'बदलाचे कारण' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सौ.ला बाहेरचे दिसावे म्हणून.' अर्ज परत आला. दिसणं हे कारण नियमांत बसत नव्हतं, वायुवीजन हे बसत होतं. बाबांनी नवा अर्ज केला. तोही परत आला, कारण नकाशावर परवानाधारक आर्किटेक्टची सही नव्हती. आता छोटीची पदवी मायदेशातली, पण तिथली नोंदणी नूतनीकरणाअभावी बंद पडलेली. आणि परदेशातली परवान्याची परीक्षा अजून द्यायची राहिलेली. म्हणजे कायद्यानं बघितलं तर ती दोन्ही देशांत आर्किटेक्ट नव्हती. मधल्या समुद्रावर कुठेतरी असली तर असेल.

शेवटी बाबांनी एक शिक्केवाले गाठले. शिक्केवाले हे वयस्कर आर्किटेक्ट. आता स्वतः काही काढत नसत, दुसऱ्यांनी काढलेल्यावर शिक्का मारून देत. पण नुसता शिक्का मारणं त्यांच्या मनाला बरं वाटेना. त्यांनी लाल पेन काढलं, खिडकी दहा इंच डावीकडे सरकवली आणि समासात लिहिलं, 'विद्यार्थ्याचा प्रयत्न चांगला आहे.' बाबांनी त्या कागदाचा फोटो मोठ्या कौतुकानं पाठवला. खाली लिहिलं होतं, 'सरांना आवडले.' छोटीनं तो फोटो ऑफिसात, दार क्रमांक अकराशे चौदाच्या कडीची माहिती भरताना पाहिला आणि उठून जिन्यात जाऊन उभी राहिली.

हा जिना पुढे तिचं दुसरं ऑफिस झाला. पाचव्या आणि सहाव्या मजल्यांमधली ती पायरी. घरी दुपार असे तेव्हा इकडे सकाळ. चहाच्या सुट्टीत ती तिथे बसून फोन लावी आणि तिकडे बाबा आपला फोन साखरेच्या डब्याला टेकवून भिंतीसमोर उभा करीत. भिंत फोडायचा मुहूर्त असा डब्याला टेकून तिनं पाहिला. मिस्त्री होता, बाबा होते, आई होती आणि शेजारचे काका होते. काकांनी पाणीखात्यात बत्तीस वर्षं काढली होती. कुठल्याही विषयावर मत देण्याआधी ते ही बत्तीस वर्षं पुढे मांडून ठेवत.

"काका, त्या भिंतीत पाइप वगैरे नाही ना?" छोटीनं विचारलं. दातांच्या डॉक्टरणीचं बोलणं कुठेतरी टोचत होतं.

काकांनी भिंतीवर बोटानं दोनदा टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं पाण्यात काढलीत मी. या भिंतीत पाण्याचा थेंब नाही."

चौथ्या घावाला पाणी आलं. आधी एक बारीकशी धार आली, ती आईच्या चष्म्यावर. मग भिंतीनंच जणू चूळ भरावी तसं. छोटीला पुढचं दिसलं नाही, कारण साखरेचा डबा वाहून गेला. फोन ओट्याखाली कुठेतरी पडला असावा. तिला नुसती छताची एक कड दिसत होती आणि काकांचा आवाज ऐकू येत होता, "हा पाइप आपल्या खात्याचा नाही." ती जिन्यात उभी राहून ओरडली, "मेन बंद करा, मेन कुठाय, बाबा, मागच्या बाजूला." वरून उतरणारी तीन माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्यांच्यामागे थोरल्या बाई उभ्या होत्या.

थोरल्या बाई म्हणजे तिच्या विभागाच्या साहेब. विमानतळ बांधलेली बाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "काय झालं?"

"साइटवर पाणी फुटलंय," छोटी म्हणाली. म्हणाली ते खरंच होतं.

"कुठली साइट?"

"घरी. एक खिडकी आहे. चार बाय तीन."

बाईंनी थोडा विचार केला. "किती दिवस झाले काम सुरू होऊन?"

"पाच आठवडे."

"मग ठीक चाललंय," बाई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

तो पाइप वरच्या मजल्याचा होता. दोन दिवस वरच्या काकू बादल्या घेऊन खाली येत, पाणी भरत आणि भरता भरता स्वयंपाकघरात टेकून खिडकीबद्दल सल्ला देत. काच जाळीची घ्या. गज आडवे घ्या, उभ्या गजांनी तुरुंगात असल्यासारखं वाटतं. आमच्या भाचीनं अशीच खिडकी केली, तर मांजर सोकावलं. पाइप जोडला गेला, बाजूनं वळवून घेतला, तरी काकू यायच्या थांबल्या नाहीत. आता त्या बादलीशिवाय येत.

आणि भिंतीला भोक राहिलं. चांगलं ऐसपैस भोक. त्यात बसवायची लाकडी चौकट सुताराकडून यायची होती आणि सुतार आज देतो, उद्या देतो करत होता. रात्री त्यावर फळी लावत, दिवसा काढत. बाबा म्हणाले, "छोटे, फार गैरसोय आहे गं." पण आईच्या आवाजात गैरसोय काही दिसेना. भाजीवाली आता भोकातूनच कोथिंबीर देत होती. शिंपी दुकान बंद करून जाताना भोकाशी थांबून "चाललो हं वहिनी" म्हणत होता. एकतीस वर्षांत तो आईशी एवढं बोलला नव्हता.

छोटीनं एक दिवस सांगितलं, "बाबा, फोन जरा त्या भोकात ठेवा. उजेड कसा येतो ते बघायचंय."

बाबांनी ठेवला. आणि छोटीला रस्ता दिसला.

फाटक दिसलं, त्याचा रंग बदलला होता. शिंप्याचं दुकान दिसलं, पाटी तीच होती, 'शर्ट' मधला र अजून पडलेलाच. खांब तेवढाच वाकडा. त्या खांबाला ती सायकल शिकताना धडकली होती आणि खांब आपल्यामुळे वाकला, असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. शाळेतून दोन मुली येत होत्या. एकीच्या बुटाची नाडी सुटली होती. ती बांधायला खाली बसली आणि दुसरी तिच्यासाठी थांबली. बस, एवढंच. छोटी जिन्याच्या पायरीवर बसून ते वीस मिनिटं बघत राहिली. रविवारच्या फोनमध्ये आई दिसे, बाबा दिसत, त्यांच्यामागचं कपाट दिसे. रस्ता कुणी दाखवला नव्हता. रस्ता काय दाखवायचा.

"आला का उजेड?" बाबांनी विचारलं.

"आला. पण एका दिवसावरून नाही सांगता येत, बाबा. उद्या परत बघावं लागेल."

उद्या परत बघितलं. परवा कळलं, की दुपारचा उजेड वेगळा असतो आणि चारचा वेगळा. मग दोन्ही वेळेला फोन भोकात. त्यानंतर तिनं ढगाळ दिवसाची मागणी केली. ढगाळ दिवस झाला, तर म्हणाली, की वारा बघायला हवा. बाबाही काही कमी नव्हते. ते रोज नवा प्रश्न काढत. गजांमधलं अंतर किती? चौकटीला रंग आधी की मागून? बिजागरी पितळेची की पोलादाची? तिनं एकाचं उत्तर दिलं, की ते म्हणत, "थांब, लिहून घेतो," आणि लिहिता लिहिता मध्येच सांगत, की काकांचा गुडघा दुखतोय, की वरच्या काकूंची भाची आली होती, की आज आईनं फोडणी करपवली, कारण बाहेर बघत होती. पंधरा मिनिटांचा रविवार कुठल्या कुठे गेला. आता रोज तास-तास बोलणं होई आणि सगळं कामाचंच. एकमेकांची आठवण येते, असं त्या घरात कुणी कुणाला आजवर म्हटलं नव्हतं. गजांमधल्या अंतराबद्दल मात्र कितीही बोलता येत होतं.

आठव्या आठवड्यात एकदा बाबा वही आणायला आत गेले आणि फोनसमोर मिस्त्री आला. त्यानं आधी इकडेतिकडे बघितलं.

"ताई, एक बोलू? रागावू नका."

"बोला ना."

"चौकट येऊन बारा दिवस झाले. आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवलीय. बाबा म्हणतात, थांब, अजून एक गोष्ट छोटीला विचारायचीय. तुम्ही म्हणता, उजेड बघायचाय. मी दुसरं काम अडवून बसलोय. तुमचं घरचं जे असेल ते असो, पण ही खिडकी बसवायची आहे की नाही, तेवढं सांगा."

तेवढ्यात बाबा वही घेऊन आले आणि डब्यासमोर बसत म्हणाले, "हां, तर सुताराचं काही खरं नाही बघ. आज पण नाही आली चौकट." त्यांनी चष्मा पुसला. मिस्त्री त्यांच्यामागे उभा राहून छताकडे बघत होता.

"असू दे, बाबा," छोटी म्हणाली. "मलाही अजून थोडा उजेड बघायचाय."

मग ती थोरल्या बाईंकडे गेली आणि दहा दिवसांची रजा मागितली. इस्पितळाचे कागद पुढच्या महिन्यात द्यायचे होते. रजा मिळण्यासारखी नव्हती. बाईंनी कारण विचारलं, तेव्हा तिनं दातदुखीपासून लग्नापर्यंत सगळी कारणं मनात फिरवून पाहिली आणि शेवटी म्हणाली, "माझं काम चालू आहे आणि मी ते एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही."

"जा," त्या म्हणाल्या. "आणि ओळंबा लावून बघ. फोनवर सगळ्या भिंती सरळ दिसतात."

कळवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा दुपार होती. बॅग दाराशी न्यायच्या ऐवजी ती भिंतीच्या कडेनं गेली आणि त्या भोकासमोर उभी राहिली. आत आई ओट्यावर विळी ठेवून खाली मान घालून भाजी चिरत होती.

"आई," छोटी म्हणाली.

आईनं वर बघितलं. विळीवरचा हात थांबला. मग आई म्हणाली, "अगं, दारातून ये ना. भोकातून काय बोलतेस," आणि पदरानं डोळे पुसत दार उघडायला धावली, ती विळी आडवी करायला विसरून.

बाबा झोपले होते. त्यांना उठवलं, तेव्हा त्यांनी आधी चष्मा शोधला, मग शर्ट शोधला आणि मग म्हणाले, "दुबळी झालीस." छोटीनं बॅग पलंगाखाली सरकवली, तर ती कशावर तरी धडकून परत आली. तिनं वाकून बघितलं. कागदात गुंडाळलेली चौकट.

"कालच आली," बाबा म्हणाले.

"हो का," छोटी म्हणाली. आणि तो विषय त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री हजर झाला. छोटीनं आपला सातवा कागद पुढे केला. मिस्त्रीनं तो बाजूला ठेवला, एक सुतळी घेतली आणि म्हणाला, "वहिनी, ओट्याशी उभ्या राहा. रोज राहता तशा. ताठ नको." आई उभी राहिली. त्यानं सुतळीचं एक टोक बाबांना आईच्या डोळ्यांशी धरायला लावलं आणि दुसरं बाहेर नेऊन फाटकाच्या कडीला बांधलं. सुतळी भोकातून जायला हवी होती. ती भोकाच्या खालच्या विटांवर टेकली आणि तिथे वाकली.

"माप चुकलंय, ताई," मिस्त्री म्हणाला. "एक थर काढायला लागेल. नाहीतर चौकट बसल्यावर टाचा उंचावल्याशिवाय वहिनींना नुसतं आभाळ दिसेल."

छोटीनं टेप लावला. पुन्हा लावला. कागदावरच्या आईचे डोळे होते त्यापेक्षा समोरच्या आईचे तीन इंच खाली होते. ओटा तेवढाच होता, फरशी तीच होती.

"मापं तू चुकवायची नाहीस," बाबा सुतळी धरूनच म्हणाले. "गेल्या वर्षी तिची कंबर धरली होती ना. महिनाभर झोपून होती. तेव्हापासून जरा वाकून उभी राहते."

"मला नाही सांगितलंत."

"सांगायचं काय त्यात," आई म्हणाली. "तू तिकडून काय शेकणार होतीस का?"

छोटीनं मिस्त्रीच्या हातातली छन्नी मागून घेतली. मिस्त्री म्हणाला, हात सोलवटतील. तिनं ऐकलं नाही. वीट एकेक करून काढायची तर सिमेंटच्या फटीत छन्नी धरायची, बेतानं मारायची, खालच्या विटेला धक्का लावायचा नाही. पुस्तकात हे तिनं वाचलं होतं. एका विटेला तिला पाऊण तास लागला. शेजारचे काका येऊन खुर्ची टाकून बसले. पण पाइप फुटल्यापासून त्यांनी बत्तीस वर्षांचा विषय काढणं सोडलं होतं, त्यामुळे ते नुसते बसले. संध्याकाळपर्यंत थर निघाला. दोन्ही तळहातांवर फोड आले होते. केसांत, भुवयांत विटेची भुकटी होती. आईनं तिचे हात आपल्या हातात घेऊन बघितले, तेल लावलं आणि म्हणाली, "एवढं शिकलीस आणि हे काय करून घेतलंस." हात मात्र लवकर सोडले नाहीत.

चौकट बसली, गज बसले, वरच्या काकूंच्या इच्छेप्रमाणे आडवे. काच बसली. एक बाजू किंचित तिरकी होती. सेक्रेटरी येऊन वायुवीजन तपासून गेले. शिंपी येऊन म्हणाला, की आता चाललो म्हणायला काच वाजवावी लागणार. उरलेले दिवस आई काही ना काही निमित्तानं ओट्याशीच होती. छोटी तिच्या शेजारी उभी राही. दोघी बाहेर बघत. फारसं बोलत नसत. आई मधूनच सांगे, "ही बघ, ही आत्ता इथून वळणार," आणि ती बाई तिथूनच वळे.

दहावा दिवस उजाडला. बाबांनी रिक्षा बोलावली, बॅग उचलून ठेवली, पासपोर्ट घेतलास का, हे तीनदा विचारलं. आई दारातच थांबली.

"मी काही फाटकापर्यंत येत नाही," ती म्हणाली. "आता खिडकीतूनच दिसतेस."

छोटी फाटकाबाहेर आली. बाबा तिथेच थांबले. ती रस्ता ओलांडून रिक्षाजवळ गेली आणि मागे वळून पाहिलं. खिडकीत आई होती. डोळे अगदी बरोबर गजांच्या मधल्या फटीत आले होते. ती हात हलवत नव्हती. नुसती बघत होती, रोज रस्त्याकडे बघते तशी. छोटीनं एक पाय रिक्षात ठेवला आणि तशीच उभी राहिली. ही खिडकी इथून कशी दिसते, ते नीट लक्षात ठेवायला हवं होतं. किती रुंद, किती उंच, आईचं डोकं किती भरतं तिच्यात.

"ताई, बसताय ना?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"एक मिनिट," छोटी म्हणाली. "माप घेतेय."

त्यानं आरशात तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं आणि रिक्षा बंद केली.

"घ्या सावकाश," तो म्हणाला.